भोक पाडलेली कार्बन फायबरची प्लेट सॉफ्टवेअरच्या आकड्यापेक्षा इतका जास्त लोड कशी घेते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: एम.टेक.चा प्रोजेक्ट पुण्यातच चालू आहे. क्वासी-आयसोट्रॉपिक (फायबरचे थर सगळ्या दिशांना सारखे रचलेली) कार्बन-इपॉक्सीची ३६ मिमी रुंद प्लेट, मधोमध ६ मिमीचं भोक. टेस्ट कॉम्प्रेशनची, म्हणजे दाबाची. भोकाविना प्लेट ५०० एमपीएला (मेगापास्कल, स्ट्रेसचं एकक) तुटते. सॉफ्टवेअर १६० ला फेल दाखवतं, लॅबमध्ये मात्र प्लेट २७५ पर्यंत गेली. गाइड म्हणतात मेश (मॉडेलचे बारीक तुकडे पाडणारी जाळी) चुकलाय.

मेश बहुतेक ठीक आहे. तुम्ही आकडा चुकीच्या जागेचा वाचताय.

जर्मन इंजिनिअर किर्शने १८९८ सालीच दाखवलं की, मोठ्या आयसोट्रॉपिक (सगळ्या दिशांना सारख्या गुणांच्या) प्लेटमध्ये गोल भोकाच्या कडेला स्ट्रेस तिप्पट होतो. क्वासी-आयसोट्रॉपिक लॅमिनेटलाही (थरांच्या प्लेटलाही) सरासरीने तेच लागू. तुमची रुंदी भोकाच्या सहापट, म्हणून तीन टक्के वाढवा. ५०० भागिले ३.०९ म्हणजे १६२. म्हणजे सॉफ्टवेअरने किर्शच परत सांगितला. (सगळे फायबर लोडच्या दिशेने असते तर हाच गुणक सातच्या आसपास गेला असता.)

गोम अशी की, या तिपटीत भोकाचा आकार कुठेच येत नाही. प्रत्यक्षात २० मिमीच्या भोकाची प्लेट ६ मिमीवालीपेक्षा बरीच आधी तुटते. लहान भोकापाशी स्ट्रेस कडेपासून झपाट्याने उतरतो, त्यामुळे जास्त ताणलेलं मटेरियल अगदी थोडं असतं. व्हिटनी आणि न्युइस्मर या संशोधकांनी १९७४ मध्ये यावर सोपा तोडगा काढला: कडेवरचा स्ट्रेस बघूच नका, कडेपासून ठरावीक अंतरावरचा बघा. त्रिज्या भागिले (त्रिज्या अधिक ते अंतर) याला क्ष म्हणा. मग भोकवाली ताकद भागिले बिनभोकाची ताकद = २ / (२ + क्ष² + ३क्ष⁴). अंतर १ मिमी धरलं तर तुमच्या भोकाला ०.५७ येतं, २० मिमीच्या भोकाला ०.४१. रुंदीची दुरुस्ती करून तुमचं उत्तर २७६. लॅबशी किती जुळतंय बघा! पण १ मिमी मी सोयीसाठी घेतलाय. ते अंतर तुमच्याच मटेरियलच्या दोन-तीन भोकांच्या टेस्टवरून काढा, आणि टेन्शनचं (ओढीचं) अंतर कॉम्प्रेशनला चिकटवू नका.

कारण कॉम्प्रेशनमध्ये मोडण्याची रीतच वेगळी. फायबर चिरडून जात नाहीत, ते वाकतात. मुळातच एक-दोन अंश तिरपे बसलेले असतात, आजूबाजूचं रेझिन (फायबर धरून ठेवणारी इपॉक्सी) शिअरमध्ये, म्हणजे सरकवणाऱ्या ताणात, सैल पडलं की फायबरची पट्टीच्या पट्टी कलंडते. फक्त लोडच्या दिशेच्या थराचा ढोबळ हिशेब: रेझिनची शिअर ताकद भागिले तिरपेपणा रेडियनमध्ये. ६० एमपीए आणि २ अंश धरले तर १७०० च्या आसपास. ४ अंश झाले की निम्मं. म्हणून लेअप (थर रचण्याचं काम) करणाऱ्याचा हात इथे मेशपेक्षा महत्त्वाचा. तुटलेलं कूपन (टेस्टची पट्टी) कडेने पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरा. ० अंशाच्या प्लायमध्ये (लोडच्या दिशेने फायबर असलेल्या थरात) झेडसारखी मुडपलेली पट्टी दिसेल, फायबरच्या व्यासाच्या दहा-पंधरापट रुंद. ती भोकाच्या कडेपासून निघून आडवी सरकते.

भोकाच्या वरच्या-खालच्या टोकाला मात्र कॉम्प्रेशन असूनही आडवं टेन्शन येतं. तिथून ० अंशाच्या प्लायमध्ये उभी चीर जाते आणि कडेवरचा ताण थोडा सैल होतो. टेस्टला मध्येच ‘कट’ आवाज येतो तो बऱ्याचदा याचाच. तुमचं मॉडेल पहिली प्लाय गेली की फेल म्हणत असेल तर हे सगळं त्याच्या हिशेबात नाही.

भोक कसं पाडलं हेही विचारा. आमच्याकडे भोसरीत ड्रिलखाली प्लायवूड घट्ट दाबल्याशिवाय कोणी भोक पाडत नाही. नाहीतर ड्रिल बाहेर पडते त्या बाजूच्या प्लाय उचकटतात, आणि कॉम्प्रेशनमध्ये उचकटलेली प्लाय आधी फुगते.

बकलिंगही (दाबाने अख्खी प्लेट वाकणं) एकदा तपासा. एएसटीएम डी६४८४ या, भोकवाल्या प्लेटच्या कॉम्प्रेशनच्या स्टँडर्ड टेस्टमध्ये ३०० मिमीचं कूपन दोन्ही बाजूंनी फिक्स्चरमध्ये धरलेलं असतं. मॉडेलमध्ये तो आधार दिला नसेल तर प्लेट भोकापाशी तुटायच्या आधीच वाकेल.

आणि गाइडकडे जाण्याआधी लॅबला फोन करून २७५ कुठल्या क्षेत्रफळावर काढलंय ते विचारा. स्टँडर्डमध्ये पूर्ण ३६ मिमी धरतात, भोक वजा करत नाहीत. त्यांनी ३० मिमी धरले असतील तर तुमचा खरा आकडा २२९ आहे, आणि मग वरचं १ मिमी अंतर चालणार नाही, बरंच कमी घ्यावं लागेल.