गिरजाघर, गिरिजाघर नव्हे

अचलपूर तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलंय: 'गिरिजाघर' लिहावं की 'गिरजाघर'? आणि गावातले म्हातारे मिशनच्या जुन्या इमारतीला 'सरकारी गिरजा' म्हणतात, ते खरं का?

'गिरिजाघर' साफ चूक. पार्वतीचा इथे काडीचा संबंध नाही. तरी लग्नपत्रिकांवर, रस्त्याच्या पाट्यांवर तो आगाऊ इकार घुसलेला दिसतोच. वर काही विद्वान 'गिरिजेचं स्थान ते गिरजाघर' असं छातीठोकपणे सांगतात! नुसता ध्वनी जुळला म्हणून सोयरीक लावायची, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत.

शब्द पोर्तुगीज 'इग्रेजा'चा. कोकणीत 'इगर्ज' झाला, हिंदीत आधीचा 'इ' गळून 'गिरजा'. आपल्याकडे तो हिंदीतून आला, आणि माझं ठाम मत आहे की कामठीच्या छावणीतून आला. १८२१ पासून तिथे फौज, आणि फौजेमागे हिंदी बोलणारे खानसामे, मोतद्दार, दुकानदार. परतवाड्याच्या कॅम्पात, म्हणजे छावणीतही, तेच.

पण खरी मजा पुढे आहे. 'इग्रेजा' आला लॅटिनमार्गे ग्रीक 'एक्लेसिया'वरून. अथेन्समध्ये एक्लेसिया म्हणजे नागरिकांची सभा. लढाई करायची की तह, हे हात वर करून ठरवणारी. राज्यकारभाराचा शब्द ख्रिस्ती मंडळींनी आपल्या मेळ्यासाठी उचलला, आणि पोर्तुगीजांकडे तो फिरून राजाच्या दारात आला. गोव्याच्या बिशपचं नाव सुचवायचा हक्क पोपने पोर्तुगालच्या राजालाच देऊन टाकला होता.

इंग्रजांच्या राज्यात दोन तऱ्हा. १८१३ च्या सनदी कायद्याने कलकत्त्याला बिशप आला, पगार ईस्ट इंडिया कंपनीच्या इथल्या महसुलातून. छावणीतले पाद्रीही सरकारी पगारी. मिशनवाल्यांचं तसं नाही. नागपूरला १८४५ मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. ते चर्च १८४३ मध्ये फुटून निघालं, तेच मुळी पाद्री नेमण्यात जमीनदारांनी आणि कोर्टांनी नाक खुपसू नये म्हणून! उठबस मात्र साहेबांतच. १८६३ मध्ये हिस्लॉप मध्य प्रांताचे चीफ कमिशनर टेंपल यांच्या सोबतीने टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहायला गेले, आणि परतताना बुडून वारले. लोकांना मिशन आणि सरकार एकच वाटलं ते अशा सोबतीमुळे.

तेव्हा इमारत मिशनची असेल तर 'सरकारी' म्हणणं चूक, कॅम्पातली असेल तर बरोबर. तहसीलीतून जागेची जुनी मिसल, म्हणजे कागदपत्रांची फाइल, काढा आणि कब्जा कोणाच्या नावे आहे ते वाचा.