प्रश्न तुलाच विचारला होता

प्रिय मुली,

दृढीकरणाच्या, म्हणजे कन्फर्मेशन संस्काराच्या तयारीच्या, वर्गातल्या त्या मुलाने विचारलं, "टीचर, तुम्ही स्वतः प्रार्थना करता का?" आणि तू त्याला प्रार्थनेची व्याख्या सांगितलीस. आता मला लिहितेस की आपलं खासगी वर्गात आणावं की नाही, कळत नाही. अगं, प्रश्न तुलाच विचारला होता! व्याख्या तर त्याच्या वहीत आधीच होती.

फिलिप्पाच्या कैसरियाकडे जाताना येशूने आधी विचारलं, लोक मला कोण म्हणतात? शिष्यांनी भराभर सांगितलं: बाप्तिस्मा करणारा योहान, एलिया, एखादा संदेष्टा. सगळी ऐकीव उत्तरं. मग त्याने विचारलं, पण तुम्ही मला कोण म्हणता? आपले बहुतेक वर्ग पहिल्याच प्रश्नावर सुटतात.

माझाही सुटला. एका मुलाची आई वारली होती. ती आता कुठे आहे, असं त्याने विचारलं. मी शुद्धिस्थान, शरीराचं पुनरुत्थान, सार्वकालिक जीवन, सगळं क्रमाने सांगितलं. एक शब्द चुकला नाही, हे आजही ठासून सांगेन. पण त्याच वर्षी माझे वडील गेले होते आणि रात्री प्रार्थनेला बसलो की मला शब्द सुचत नव्हते, हे नाही सांगितलं. प्रश्न मला विचारला होता. तो मुलगा आणखी एक रविवार आला, मग आलाच नाही.

आम्हाला तसंच शिकवलं होतं, असं मी म्हणत आलो. तेही पुरतं खरं नाही. धर्मशिक्षणाचा अंतिम हेतू ख्रिस्ताशी जवळीक हा आहे, असं पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ मध्येच लिहिलं होतं. ते बोधपत्र माझ्या कपाटात होतं.

मात्र सिद्धान्त बाजूला सारून नुसते अनुभव सांगत बसलीस, तर माझ्याकडे येऊ नकोस. तसले वर्ग मी पाहिलेत. मुलं रडतात आणि कोरडी घरी जातात. १९९२ च्या कॅटेकिझमचा, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण-ग्रंथाचा, १६६ वा परिच्छेद वाच. श्रद्धा ज्याची त्याने ठेवायची असते, पण एकट्याने नाही. ती कुणीतरी आपल्या हाती दिलेली असते. त्या मुलाच्या हाती कोण देणार?

पुढच्या रविवारी त्याला आधी तुझं उत्तर दे. रोज जमत नसेल, मध्येच डोळा लागत असेल, तर तेच सांग. व्याख्या मागाहून. तो विचारेल, "मग पुन्हा का बसता?" त्याचं उत्तर माझ्याकडे मागू नकोस.