४×५ आणि ८×१० च्या मधला फिल्म कॅमेरा घ्यायचा तर कुठला, आणि त्याला होल्डर कोणते बसतात?

तुम्ही लिहिलंय की ४×५ इंची निगेटिव्ह लहान वाटते, ८×१० चा कॅमेरा खिशाला आणि खांद्याला झेपणार नाही. एका बंद पडलेल्या स्टुडिओतला लाकडी हाफ प्लेट कॅमेरा स्वस्तात मिळतोय, तो घ्यावा की बाहेरून ५×७ मागवावा, असा पेच आहे.

माझं मत स्पष्ट आहे. ५×७ घ्या, आणि कॅमेरा ठरवण्याआधी होल्डर, म्हणजे फिल्म भरून कॅमेऱ्याच्या मागे सरकवायची उजेडबंद चपटी पेटी, ठरवा. कॅमेऱ्याची मोडतोड सुताराकडून, भाता (लेन्स आणि फिल्ममधली घड्यांची पिशवी) शिवणाऱ्याकडून दुरुस्त होते. होल्डरच मिळत नसेल, तर उत्तम कॅमेराही कपाटावर जातो.

हाफ प्लेट म्हणजे ४¾×६½ इंच. हे माप ब्रिटिशांबरोबर आपल्याकडे आलं आणि स्टुडिओंमध्ये बराच काळ टिकलं. केरळात अलप्पुळाला तयार होणारे वागीश्वरी कॅमेरे तर देशभर वापरले गेले. लाकूडकाम अजूनही बघत राहावं असं. पण त्यांचे होल्डर मुळात काचेच्या प्लेटसाठीचे. फिल्म प्लेटपेक्षा कितीतरी पातळ असते, त्यामुळे आत पत्र्याची चौकट घालावी लागते. शिवाय हे होल्डर त्या त्या कॅमेऱ्याला घासून बसवलेले असत. एकाचा होल्डर दुसऱ्याला नीट बसेलच असं नाही. आणि फिल्म? इलफर्ड ही फिल्म कंपनी वर्षातून एकदा खास मापांच्या ऑर्डरी घेते, त्यात हाफ प्लेट असते. एरवी मोठी शीट अंधारात कापत बसायचं.

तो कॅमेरा फारच आवडला असेल, तर त्याला ४×५ ची स्प्रिंग बॅक, म्हणजे होल्डर स्प्रिंगने दाबून धरणारी मागची चौकट, बसवून घेता येते. ५×७ ची मात्र नाही, कारण ५×७ हाफ प्लेटपेक्षा मोठा आहे. फुल प्लेट, म्हणजे ६½×८½ चा कॅमेरा हाती लागला तर गोष्ट वेगळी. त्यावर ५×७ ची बॅक आरामात बसते, आणि चांगला सुतार असेल तर मी हा मार्ग मनापासून सुचवेन.

आता होल्डर. फिडेलिटी, लिस्को, राइटवे ही जुन्या बाजारात सहज दिसणारी नावं. हे अमेरिकी मापाचे दुहेरी होल्डर, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक शीट. घेताना दोन गोष्टी तपासा. पहिली, डार्क स्लाइड (फिल्म झाकणारी सरकती पट्टी) जिथून आत जाते त्या टोकाजवळची वर उठलेली कड. ती कॅमेऱ्याच्या बॅकमधल्या खाचेत बसते, होल्डर सरकू देत नाही आणि उजेड अडवते. प्रमाण ठरण्याआधीच्या लाकडी होल्डरांत ही कड थोडी इकडेतिकडे असते, मग होल्डर बसल्यासारखा वाटतो पण पूर्ण टेकत नाही.

दुसरी गोष्ट खोली. होल्डरच्या कडेपासून फिल्म जिथे टेकते तिथपर्यंतचं अंतर ५×७ साठी ०.२२८ इंच, म्हणजे सुमारे ५.८ मिलिमीटर असायला हवं. कॅमेऱ्याच्या ग्राउंड ग्लासची (फोकस बघायच्या दुधी काचेची) घासलेली बाजूही होल्डरमधल्या फिल्मचा पृष्ठभाग येतो तिथेच हवी. अर्ध्या मिलिमीटरचा फरक एफ/३२ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक असताना, खपून जातो. पण २१० मिमीची लेन्स पूर्ण उघडून दीड मीटरवरचा चेहरा घेतलात, तर तेवढ्यानेच फोकस डोळ्यांपासून साधारण दोन सेंटिमीटर सरकतो. मोजायला महागडं साधन लागत नाही. बॅकवर सपाट पट्टी आडवी ठेवा आणि व्हर्नियर कॅलिपरच्या शेपटीने खोली घ्या. काच आणि होल्डर दोन्हींची. होल्डर मोजताना आत एक वाया गेलेली शीट भरा.

युरोपातला १३×१८ सेंटिमीटर हा ५×७ चा सख्खा शेजारी, आणि इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. त्याची शीट रुंदीला सुमारे तीन मिलिमीटर जास्त, त्यामुळे ५×७ च्या होल्डरमध्ये ती जात नाही. उलट ५×७ ची शीट १३×१८ च्या होल्डरमध्ये सैल पडते. नव्या धाटणीच्या १३×१८ होल्डरांचं बाहेरचं माप ५×७ सारखंच असतं, म्हणून कॅमेरा एकच ठेवून दोन्ही वापरता येतात. जुने जर्मन होल्डर आणि सोव्हिएत एफकेडी कॅमेऱ्यांचे लाकडी होल्डर मात्र आपापल्या कॅमेऱ्यापुरतेच. विक्रेत्याने जाहिरातीत नुसतं ‘५×७ / १३×१८’ लिहिलं असेल, तर आतल्या खाचांमधली रुंदी मिलिमीटरमध्ये विचारा.

कॅमेऱ्यांत डिअरडॉर्फ सुंदर आणि महाग. कोडॅक २डी साधा, दणकट. त्याच्या पुढच्या भागाला झुकवता येत नाही, आणि भाता जास्त लांबवायला मागे जोडायची वेगळी पट्टी बहुधा हरवलेली असते, म्हणून ती आहे का ते आधी विचारा. लिनहॉफ १३×१८ अचूक, पण डोंगर चढायला नको. नवा घ्यायचा असेल तर शामोनी किंवा शेन हाओ. सह्याद्रीत पाठीवर टाकून फिरायचं असेल, तर मी शामोनीकडे झुकेन. लेन्सचा प्रश्न सोपा आहे. २१० मिमी एफ/५.६ ची कुठलीही आधुनिक लेन्स, मग ती निकॉर असो, सिमार असो वा सिरोनार, ५×७ झाकून वर हालचालींना (लेन्स वर-खाली सरकवायला, झुकवायला) जागा देते. ४×५ ची तुमची १५० मिमी कोपऱ्यांत जेमतेम पुरेल, तिच्यावर भिस्त ठेवू नका.

एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचं यंत्र, मात्र विसरा. ५×७ घेणारे दुर्मिळ आणि अवाढव्य. पण या मापाची कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेली, तिच्याच मापाची) हातात धरून बघण्याजोगी असते, ४×५ ची तशी नसते. निगेटिव्हचं क्षेत्रफळ पावणेदोन पट आहे आणि आकार लांबट. माझ्या लेखी ५×७ घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

फिल्म म्हणाल तर एफपी४, एचपी५ आणि फोमापान १०० या मापात मिळतात. सरावाला हिरव्या संवेदनाची एक्स-रे फिल्म घ्या. ८×१० च्या एका शीटमधून ५×७ चे दोन तुकडे निघतात, आणि लाल दिव्यात कापता येते. कापताना लांबी आणि रुंदी दोन्ही दीड-दोन मिलिमीटर कमी ठेवा, कारण होल्डरला खरी फिल्म तेवढीच लहान लागते. दोन्ही बाजूंना इमल्शन (प्रकाशाला संवेदनशील थर) असल्यामुळे ती ट्रेमध्ये लगेच ओरखडते. ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवून एकेकच शीट धुवा.