किती उरल्या, ते आधी विचार

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप रात्री वाचला आणि सकाळपर्यंत डोक्यातून गेला नाही. घरमालकीणबाईंच्या यजमानांनी मागे ठेवलेली सोनेरी विंचेस्टर रायफल, दुकानदाराने तोंडातून काढलेले साडेतीनशे डॉलर, कॉम्प्युटरवर दिसलेले चोवीसशे, आणि त्या पैशांतून बाईंना करायचं असलेलं छपराचं काम. तू हिशेबातला माणूस म्हणून त्यांनी तुलाच विचारलं, आणि कोणता आकडा सांगावा ते तुला कळेना.

आधी कायद्याचं. तू एच-वन-बी व्हिसावर आहेस. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर अमेरिकेचा केंद्रीय कायदा तुला बंदूक जवळ बाळगू देत नाही. तेव्हा ती तुझ्या खोलीत आणायची नाही, तुझ्या गाडीत घालून दुकानात न्यायची नाही. बाईंनी त्यांच्या घरात, त्यांच्या हातांनी पेटी उघडायची. तू बघायचं आणि फोटो काढायचे. यावर माझ्याशी वाद घालू नकोस.

तू पाठवलेल्या फोटोत अष्टकोनी नळी दिसते, बाजूला खोगिराची कडी आहे, आणि रिसीव्हर, म्हणजे नळीमागचा यंत्रणेचा भाग, सगळा सोनेरी. ही 'सेंटेनियल सिक्स्टी-सिक्स'. विंचेस्टरला 1966 मध्ये शंभर वर्षं झाली, तेव्हा काढलेली. 1866 च्या त्यांच्या पहिल्या रायफलचा रिसीव्हर पितळी रंगाच्या मिश्रधातूचा होता, लोक तिला 'यलो बॉय' म्हणत. त्या पिवळ्या रंगाची आठवण म्हणून हिला सोन्याचा मुलामा दिला. आत मात्र नेहमीचीच मॉडेल 94, थर्टी-थर्टी मापाच्या गोळीची.

तू विचारलंस, किती जुनी आहे आणि सोनं किती आहे. दोन्ही प्रश्न सोडून दे. मी आयुष्य प्लेटिंगच्या खात्यात काढलं. असा मुलामा केसाच्या जाडीच्या कितीतरी पट पातळ असतो. सगळा खरवडलास तरी त्याची धड अंगठी व्हायची नाही. विचारायचं ते एवढंच: किती बनल्या, आणि त्यातल्या किती उरल्या?

सिक्स्टी-सिक्स एक लाखाहून जास्त बनल्या. आणि ती घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने तेच केलं जे बाईंच्या यजमानांनी केलं. एकही गोळी झाडली नाही, पेटी जपली, कागद जपले, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. साठ वर्षांनंतर त्या सगळ्या तशाच आहेत. वारसांकडून एकेक करून बाहेर येतायत, आणि घेणारे म्हातारे होतायत.

आता साधी 94 बघ. जॉन ब्राउनिंगने आखलेली, 1894 पासून बनत आलेली, सत्तर लाखांच्या वर बनलेली. हरणांच्या शिकारीत पावसात भिजली, ट्रकमागे घासली, कोणी दुर्बीण बसवायला तिच्यात भोकं पाडली, कोणी दस्ता कापून मुलाच्या हाताला बेताचा केला. म्हणून 1964 च्या आधीची, निळसर काळी झिलई शाबूत असलेली, कोणी न छेडलेली 94 आज शोधावी लागते. 1964 पासून कंपनीने खर्च कमी करायला आतली घडण बदलली, रिसीव्हरचं पोलाद बदललं. संग्राहक तिथे अजून रेघ मारतात. तुझी सोनेरी त्या रेघेच्या अलीकडची. बिनसोन्याची काळी तिच्यापेक्षा महाग जाते हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. बघू देत. किती उरल्या, ते मोजा म्हणावं.

कमेमोरेटिव्ह, म्हणजे कशाच्या तरी स्मरणार्थ काढलेल्या, यांच्यातही थोड्या बनलेल्या आहेत. 1964 ची वायोमिंगची दीड हजाराच्या आसपास निघाली, तिची गोष्ट वेगळी. पण 1967 ची कॅनडाची, 1968 ची बफेलो बिल, 1969 ची गोल्डन स्पाइक या हजारोंनी काढलेल्या. 'लिमिटेड' हा शब्द वाचून हुरळून जाऊ नकोस. मर्यादा किती, तो आकडा माग.

हे मला कोणी वेळेवर सांगितलं नाही. मुलगी झाली त्या वर्षी एका प्रदर्शनात मी बफेलो बिल घेतली. निकेलचा हॅमर (चाप ओढला की आपटतो तो तुकडा), निकेलचा चाप, दस्त्यात पदक. विकणारा म्हणाला, पोरीच्या कॉलेजची सोय झाली समज. मी समजलो. पेटी उघडली तर किंमत उतरेल या धाकाने चौदा वर्षं तळघरात तशीच ठेवली. आमच्या घरी खंडेनवमीला कोयता, विळी, वडिलांचे पाने सगळं बाहेर काढून पुसून पुजायची रीत. मी इथेही पानेपकडी पुजत होतो, आणि ही एक वस्तू मात्र बाहेर काढत नव्हतो. हाव, दुसरं काय. चौदाव्या वर्षी उघडली, तर फोमने ओल धरलेली, आणि नळीच्या ज्या अंगाला फोम टेकला होता तिथे मोहरीएवढे गंजाचे ठिपके. तेलाने आणि बारीक पोलादी लोकरीने पुसून रंग गेला, खड्डे राहिले. गंज नसता लागला तरी महागाईचा हिशेब घालून मी तोट्यातच होतो, हे मला नंतर कळलं. तू हा हिशेब आधी कर: 1966 चा एक डॉलर म्हणजे आजचे जवळजवळ दहा. यजमानांनी सव्वाशेच्या आसपास दिले असतील, तर आज साडेबाराशे मिळाले तरच बरोबरी. मी पाहिलेल्या लिलावांत पेटीसकट चांगली सिक्स्टी-सिक्स बहुतेक वेळा हजाराच्या आतच गेली.

त्यानंतर मी ती रेंजवर नेली. मुलगी बरोबर होती, तिने पाच गोळ्या झाडल्या, मी पाच. मित्र अजून म्हणतात, वेडेपणा केलास, 'अनफायर्ड' गेलं. गेलं तर गेलं. लाखभर न झाडलेल्या पडल्या असताना आणखी एक न झाडलेली ठेवून मी कोणाचं भलं करणार होतो? आता दर खंडेनवमीला ती तेल लावून पाटावर असते. ती मी विकणार नाही आणि त्याबद्दल मला कोणाला पटवून द्यायचं नाही.

पण ही माझी वस्तू होती. तुझ्यापुढे आहे ती दुसऱ्याची, आणि त्यांना पैशांची गरज आहे. तेव्हा माझं ऐकून तिथे कोणी चापाखालची लिव्हर ओढून बघू नका. लिव्हर चालली की बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा तुकडा, मागे सरकताना हॅमरवर घासतो आणि तिथे रेघ उमटते. जाणकार आधी तीच रेघ शोधतो. रिसीव्हरच्या पोटाखाली, जिथे रायफल एका हातात तोलून धरतात, तिथला मुलामा बघ. घामाने आणि घासून तो तिथेच आधी जातो. दस्त्यावर कोणी आद्याक्षरं कोरलीत का, पट्ट्यासाठी कड्या ठोकल्यात का, तेही बघ. आणि ती घासून पुसू नका. पॉलिश तर मुळीच नको, माझ्या खात्यात लोकांनी हौसेने पॉलिश करून उघडी पाडलेली कामं मी पुष्कळ बघितलीत. फोममधून काढून, हलका तेलाचा हात फिरवून कोरड्या कपाटात उभी ठेवायला बाईंना सांग.

चोवीसशे हा कोणाचा तरी मागितलेला आकडा आहे, तो विसर. झालेल्या लिलावांचे, विकल्या गेलेल्यांचेच आकडे काढ. हिशेबातल्या माणसाला हे मी सांगायला नको होतं, रागावलो आहे थोडा. दुकानदारही चोर नाही. त्याला ती महिनोन् महिने भिंतीवर टांगून ठेवायची आहे, कारण गल्लीपलीकडे तशीच दुसरी आहे. आणखी दोघांना विचारा, लिलावाचं कमिशन वजा करा, आणि मग बाईंच्या हातात खरा आकडा पडेल.

तो त्यांना तूच सांग. छप्पर सबंध होणार नाही, एक बाजू होईल, असं स्पष्ट सांग. यजमानांनी चूक केली असं मात्र म्हणू नकोस. 1966 मध्ये पगारातून सव्वाशे बाजूला काढणारा माणूस घरासाठीच काढत होता.

पुढच्या फोटोंत सबंध रायफल नको. पेटीच्या टोकावरचं लेबल आणि रिसीव्हरवरचा क्रमांक पाठव. दोन्ही जुळतात का ते बघू, मग बोलू.

तुझा काका