'एंडो'ने सुरू होणारे शब्द शिकताना

'एंडो'ने सुरू होणाऱ्या वैद्यकीय शब्दांची लांबलचक यादी पाठ करण्याचा तुमचा बेत असेल, तर तो तूर्त बाजूला ठेवा. ग्रीक 'एंडॉन' म्हणजे आत, एवढे लक्षात ठेवून प्रत्येक शब्दाला 'कशाच्या आत?' असे विचारा: एंडोकार्डियम हे हृदयाचे आतील अस्तर, एंडोमेट्रियम हे गर्भाशयाचे.

बहुतेक नवशिके 'एंडोक्राइन' म्हणजे 'अंतःस्रावी' या शब्दापाशी अडखळतात. अंतःस्रावी ग्रंथींचा स्राव ग्रंथीतच राहतो असा त्याचा अर्थ नसून, लाळग्रंथींप्रमाणे नलिकेवाटे न जाता तो थेट रक्तात मिसळतो, म्हणजे शरीराच्या आतच राहतो. हा फरक मनापासून समजून घ्या, कारण पुढे संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) सारा अभ्यास त्यावरच उभा राहतो.

'एपि' म्हणजे वर. त्यामुळे एपिकार्डियम हा हृदयाचा बाहेरील थर. ही जोडी एकत्रच शिका. बाकीचे उपसर्ग नंतर सावकाश पाहता येतील.