डिसेंबरात मालवणला पहिल्यांदाच जाताय? मग एवढं वाचा

आधी एक सांगतो, चार दिवसांत मालवण, वेंगुर्ला, गोवा सगळं कोंबू नका, पहिल्यांदा जाणारे सगळे हेच करतात आणि मग सुट्टी गाडीतच जाते. मालवण-तारकर्ली-देवबाग एवढंच धरा, भरपूर आहे.

ट्रेनचं तिकीट ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी सकाळी ८ ला बसा. २५ डिसेंबर ते १ जानेवारी शक्यतो टाळाच, रूमचे भाव चढतात आणि जेवायला तासभर ताटकळायचं. उतरायचं कुडाळला, तिथून मालवण साधारण ३० किमी, तर रिक्षा होमस्टेवाल्या काकांनाच आधी सांगून ठेवा. मी पहिल्या वेळी नाही सांगितलं, पहाटे बॅगा घेऊन स्टेशनबाहेर दीड तास डास मारत बसलो होतो!

बाकी:
- सिंधुदुर्ग किल्ला सकाळीच करा. थंडी म्हणून स्वेटर नेताय पण तिथे दुपारी चक्क घाम फुटतो, टोपी आणि पाणी घ्या.
- स्कुबाला पोहता यायलाच हवं असं नाही, पण सर्दी असेल तर पाण्याखाली कान असे ठणकतात की विचारू नका, तेव्हा सरळ रद्द करा. आदल्या रात्री वडे-सागोती जरा बेतानेच.
- थोडी कॅश ठेवा.

मासे घरगुती खानावळीतच खा, सकाळीच फोन करून ताजं काय आलंय ते विचारायचं. सुरमईच्या मागे सगळेच लागतात, तुम्ही बांगड्याचं तिखलं आणि तिसऱ्या (शिंपल्या) मागवा. निवती, भोगवे हे किनारे पुढच्या वेळी. तारखा ठरल्या की सांगा.