अ‍ॅस्पेनचं झाड आणि लांडगा यांची तुलना होऊ शकते का?

होते की, का नाही होणार. दोघांच्याही पेशीत केंद्रक असतं, डीएनए असतो, लांडग्याची गुणसूत्रं 78 आणि अ‍ॅस्पेनची 38, पण जास्त गुणसूत्रं म्हणजे जास्त प्रगत असलं काही नसतं हां. बाकी झाड उन्हावर स्वतःचं अन्न बनवतं, लांडग्याला पळावं लागतं, हे तर सगळ्यांनाच माहितीये.

खरी गंमत 'एक जीव' कशाला म्हणायचं इथे आहे. लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, प्रत्येक जण वेगळा. अ‍ॅस्पेनचं मात्र मुळांतूनच नवे कोंब फुटतात, त्यामुळे अमेरिकेत युटामधलं पँडो नावाचं जंगल, सुमारे 43 हेक्टर आणि 40 हजारांवर खोडं, जेनेटिकली एकच झाड आहे!

आणि दोघांचा थेट संबंध पण आहे बरं का, अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात 1995 ला लांडगे परत आणून सोडले, पुढे एल्क हरणं कमी झाली आणि अ‍ॅस्पेनचे कोवळे कोंब, जे आधी ही हरणं वाढायच्या आतच खुडून खायची, ते काही भागांत उंच व्हायला लागले. सगळं क्रेडिट लांडग्यांना देऊ नका पण, अस्वलं, प्यूमा (तिथलं एक मोठं रानमांजर) आणि माणसांनी केलेली शिकार पण त्यात आहेच.